सात नंबरचे डबे

३ नोव्हेंबर, सोमवार

आजपासून माझं स्ट्रेचर सुटलं. चार महिने ढकललं, तळहाताला घट्टे पडले. सकाळी किरीटभाईंनी ऑफिसात बोलावलं. ते दवाखान्याचे मॅनेजर. मला वाटलं झालं, इथूनही काढलं. तीन वर्षांत चार कामं सुटलीत माझी. गोडादऱ्यात दोनदा लूमवर होतो, मग मार्केटात साड्यांच्या पॅकिंगला, मग एका चहाच्या गाडीवर. कुठे मालकाने काढलं, कुठे मीच निघालो. माय म्हणते, भिकनच्या बुडाखाली निखारा आहे.

किरीटभाई म्हणाले, "तने लखतां आवडे छे ने?" मी म्हटलं, लिहिता येतं, आठवी नापास आहे, पण अक्षर बरं आहे. "चालशे."

शेजारच्या खुर्चीत एक बाई होत्या. चाळिशीच्या, चष्मा, खांद्याला कापडी झोळा. वर्षा मॅडम. डॉक्टर आहेत, पण सुई टोचणाऱ्या नव्हे, समाजशास्त्राच्या. मी विचारलं, "कोणत्या समाजाच्या?" इथे सुरतेत ज्याच्या त्याच्या समाजाचं मंडळ आहे, म्हणून विचारलं. मॅडम इतक्या हसल्या की चष्मा काढून पुसला. म्हणाल्या, "नऊ वर्षं कॉलेजात शिकवलं, हा प्रश्न कुणी विचारला नाही."

आता त्या मुंबईच्या एका कंपनीत आहेत. दवाखान्यात कुठे वेळ वाया जातो ते ही कंपनी शोधून सांगते. मी त्यांचा मदतनीस. आयाबाया आणि वॉर्डबॉय किती चालतात, किती बसतात, किती बोलतात, ते घड्याळ लावून फॉर्मवर लिहायचं. शेवटचा कॉलम किरीटभाईंनी सांगून घातलेला आहे: "पेशंटकडून वस्तू घेतली, हो / नाही." नाव कुणाचंच लिहायचं नाही, फक्त नंबर. मॅडम म्हणाल्या, नाव नसलं की कुणाला त्रास होत नाही. सात नंबर म्हणजे बायकांच्या वॉर्डातली आया, आमची सुंदरामावशी.

ही वही पण मॅडमनीच दिली. पानांवर नंबर छापलेले आहेत. म्हणाल्या, "ही तुझी. यात वाटेल ते लिही, मी वाचणार नाही. माझ्या सगळ्या विद्यार्थ्यांना मी अशी वही ठेवायला लावायचे. फॉर्ममध्ये मावत नाही ते कुठेतरी लिहावं लागतं."

काय मावणार नाही ते मला अजून कळलं नाही. पण वही चांगली आहे.

४ नोव्हेंबर, मंगळवार

सकाळी सातला मावशीची पिशवी मीच बायकांच्या वॉर्डात नेली. आज चार डबे होते. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा. बाळंतिणींबरोबर गावाकडच्या सासवा, आया येऊन राहतात, त्यांच्या घशाखाली कँटीनची गोड डाळ उतरत नाही. मावशी गोडादऱ्याहून रोज घरून करून आणते. एक डबा माझा असतो, म्हणून ड्युटी नऊची असली तरी मी सातला हजर. मावशी माझ्या मायच्या गावची. तिनेच मला इथे चिकटवलं. लिहायच्या कामालाही माझं नाव तिनेच सुचवलं, असं नर्स म्हणत होती.

नऊला घड्याळ सुरू केलं. मावशी वॉर्डाच्या दारातल्या बाकावरून ओरडली, "लिख रे भाऊ, मन्हा पाय कितला दुखतस ते बी लिख!"

मॅडम हसल्या. पायांचा कॉलम नाही.

६ नोव्हेंबर, गुरुवार

आज पहिला "हो" मिळाला. दोन दिवस नुसतं नाही, नाही लिहून कंटाळलो होतो.

बारडोलीकडे ऊसतोडीला आलेल्या टोळीतली एक म्हातारी, सुनेचं बाळंतपण झालं म्हणून आठ दिवस वॉर्डात होती. आज सुट्टी झाली. जाताना बाकापाशी आली, डबा मावशीच्या हातात दिला. आत गुळाचा खडा, आणि वर पिशवीत उसाची कांडकी. मावशी नको नको म्हणाली आणि घेतली. अकरा वाजून दहा मिनिटं. मी लिहिलं: सात नंबर, हो.

दुपारी आणखी एक बाई. वाटीभर शेव. हो.

मॅडमनी फॉर्म बघितला. "तुझं लक्ष चांगलं आहे, भिकन." अशी शाबासकी मला सातवीत कवायतीच्या सरांनी दिली होती, त्यानंतर आजच. एक कांडकं मावशीने मलाही दिलं. गोड होतं.

९ नोव्हेंबर, रविवार

सुट्टी. डिंडोलीच्या खोलीवर धुडकूभाऊ आणि मी दोघंच. धुडकूभाऊ वीस वर्षं लूमवर आहे, कानाने कमी ऐकतो, म्हणून स्वतः मोठ्याने बोलतो. मी स्टॉपवॉच दाखवलं. उलटंपालटं करून बघितलं आणि म्हणाला, "लूमले मीटर व्हतं. आते आयाबाईसले बी लागनं." मग अख्ख्या चाळीत मला घड्याळवाला साहेब करून टाकलं. शेजारच्या खोलीतून पोरं विचारायला आली, साहेब, आंघोळीला किती मिनिटं लागली?

हसलो मी पण. पण साहेब म्हटलेलं वाईट लागत नाही.

११ नोव्हेंबर, मंगळवार

आज सगळ्यांसमोर माझी इज्जत गेली.

एक म्हातारी संडासाच्या दाराशी घसरली. मावशी धावली, खांद्याला धरलं. मी जवळच उभा, हातात घड्याळ. सात नंबर, पेशंटचं काम, सुरू. मावशी ओरडली, "घड्याळ खिसामा घाल आन् पाय धर तिना!" अख्खा वॉर्ड हसला. नर्सही हसली. ती एरवी कशालाच हसत नाही.

पाय धरले. पण मनात राग बसला. मॅडमनी सांगितलंय, कामात पडायचं नाही, फक्त बघायचं. मी माझं कामच करत होतो. मावशीला काय कळतं त्यातलं. आठ वर्षं इथे आहे म्हणून वॉर्ड तिच्या बापाचा झाला का?

संध्याकाळच्या फॉर्ममध्ये तिचं बसणं वीस मिनिटं वाढवावं असं मनात आलं. वाढवलं नाही. पण मनात आलं.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

ही वही कुणी वाचणार नाही म्हणून लिहितो.

काल आणि परवा मी वॉर्डात नव्हतोच. मॅडम दोन दिवस ऑफिसात आकडे भरत होत्या. मला एका जागी उभं राहून राहून डोकं भणभणायला लागलं. लूम सोडलं ते याच कारणाने. परवा साडेनऊला निघालो, पूल ओलांडून नदीपलीकडे गेलो, नवीन मेट्रोचे खांब बघितले, लोचो खाल्ला, चारला आलो. कालही तसंच. फॉर्म जिन्यात बसून भरले. आधीच्या दिवसांचे बघून थोडे इकडेतिकडे केले. चालणं इतकं, बसणं इतकं. सात नंबरला रोज दोन-तीन "हो" असायचे, म्हणून परवा दोन आणि काल चार टाकले. चार का टाकले? दोन टाकले असते तरी चाललं असतं.

मंगळवारचा राग होता का? माहीत नाही. पेनाने टाकले.

मॅडम म्हणाल्या, आकडे छान जुळताहेत.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

आज मोजणी संपली. मॅडमनी कँटीनमध्ये चहा पाजला. मी विचारलं, कॉलेज का सोडलं? म्हणाल्या, "मी तासिका तत्त्वावर होते. शिकवला तेवढा तास मोजायचा. पोरं ट्रिपला गेली, माझा तास बुडाला. कायम होण्यासाठी आठ मुलाखती दिल्या. शेवटच्या वेळी माझ्याच एका विद्यार्थ्याला घेतलं. त्याने येऊन पाया पडून पेढा दिला."

मी म्हटलं, "म्हणजे तुमच्यावर पण घड्याळ होतं."

"होतं," म्हणाल्या, आणि चहावरची साय चमच्याने बाजूला केली. मला वाटलं, माझं काही चुकलं.

मग म्हणाल्या, "भिकन, सात नंबरचा कॉलम मला पटत नाही. ती बाई घेणारी वाटत नाही. तिच्याबद्दल लिहायचं काही राहिलंय का?"

मनात म्हटलं, आता कोणत्या दिवशी किती वाजता असं विचारतील, आणि बारा-तेरा तारखेचं उघडं पडेल. म्हणालो, "नाही मॅडम. देतात लोक, खुशीने."

"खुशीने," असं त्यांनी लिहून घेतलं. त्यांच्याकडेही माझ्यासारखीच वही आहे.

२४ नोव्हेंबर, सोमवार

मोठ्या हॉलमध्ये रिपोर्ट झाला. मी वायर धरून मागे उभा. ट्रस्टी आले होते. पडद्यावर रंगीत खांब. मेट्रोच्या खांबांची आठवण झाली.

एका पानावर आलं: कर्मचारी क्रमांक सात, बायकांचा वॉर्ड, दिवसाला सरासरी इतक्या वेळा पेशंटकडून वस्तू स्वीकारल्या. सर्वांत जास्त. मॅडम म्हणाल्या, "यामागचं कारण स्वतंत्रपणे तपासायला हवं. घाईने अर्थ काढू नये."

किरीटभाई म्हणाले, "बेन, कारण अमे जोई लईशुं," म्हणजे ते आम्ही बघून घेऊ. त्यांच्यासमोर जानेवारीपासून माणसं पुरवणाऱ्या कुठल्यातरी नव्या एजन्सीची फाईल होती. ती मी उभा होतो तिथून दिसत होती.

नाव कुठेच नव्हतं. पण बायकांच्या वॉर्डाच्या दारात बाक एकच आहे आणि त्यावर आठ वर्षं बसणारी बाईही एकच. ट्रस्टींतला एक जण जाताना तिकडे मान वळवून बघून गेला. मावशीने त्याला नमस्कार केला.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

मावशीला गेटवरूनच परत पाठवलं. शुक्रवारी चौकशी, तोवर यायचं नाही. हातात डब्यांची पिशवी तशीच होती. वॉचमनला म्हणाली, निदान एवढे डबे तरी आत जाऊ दे. त्याने घेतले नाहीत.

मी हे पहिल्या मजल्यावरच्या जाळीतून बघितलं. खाली उतरलो नाही.

वॉर्डात पाच बाया वाट बघत बसलेल्या. एकीने मला विचारलं, "त्या डब्यावाल्या ताई नाही आल्या का आज?" तिच्या उशाशी मावशीचा कालचा डबा घासूनपुसून ठेवलेला. आत मूठभर फुटाणे.

सायंकाळी धुडकूभाऊला सगळं सांगितलं. दोन दिवस नदीपलीकडे होतो, तेवढं सोडून. त्याने दोनदा मोठ्याने विचारलं, काय घेतलं म्हणतोस? ऊस? शेव? मग माझ्याकडे असं बघितलं, जसा मी परक्या मुलखातला आहे. "अरे येडा, तिना डबा कोनी रिकामा दिन्हा का कधी? तुन्ही माय वाटी रिकामी धाडस का?"

नाही धाडत. साखर नसली तर चिमूटभर मीठ टाकते, पण रिकामी नाही.

हे मला माहीत होतं. मला माहीत नव्हतं असं नाही. डबा सातला जायचा आणि घड्याळ नऊला सुरू व्हायचं. परत यायचा तेव्हा मी उभा असायचो. जे विचारलं तेवढंच लिहिलं. "दिली" असा कॉलमच नव्हता.

पण मॅडमनी तोंडाने विचारलं होतं.

२६ नोव्हेंबर, बुधवार

किरीटभाईंनी कागद पुढे केला. गुजरातीत टाइप केलेला. मी माझ्या डोळ्यांनी बघितलं की सात नंबर पेशंटकडून वस्तू घेते, असं. "सही करी दे." जानेवारीपासून मी नव्या माणसांवर सुपरवायझर. निळा शर्ट, गळ्यात कार्ड, खुर्ची.

म्हटलं, शुक्रवारी करतो. ते म्हणाले, शुक्रवारी साडेदहाच्या आत.

स्ट्रेचर नाही, उभं राहणं नाही. एका जागी बूड टिकवायला खुर्ची तर लागतेच ना. मायला फोनवर अर्धं सांगितलं. ती म्हणाली, सुंदराने माझ्या पोराचं भलं केलं, तिला साडी घे. मी फोन ठेवला.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

दुपारी गोडादऱ्याला गेलो. मावशी दारात पापडीच्या शेंगा सोलत बसलेली. वाटलं होतं, चपलेने मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. पाणी दिलं, बस म्हणाली.

"उद्या काय विचारतीन मला?"

मी म्हटलं, वस्तू घेतल्या का, असं विचारतील.

"घेतल्याच की. डबा काय रिकामा घेऊ? अपशकुन व्हतो." मग शेंगेतला दाणा काढता काढता म्हणाली, "पण चौकशीना कागदमा तेरा तारखेले चार येळा लिखेल से, इतलं कोण देई, बाप्पा? मी याद करी करी थकनी. तेरा तारखेला तं माझा नातू आजारी, मी दुपारीच घरी येल होती."

तेरा तारीख. तिथेच मी चार टाकले होते.

मी शेंगा सोलायला घेतल्या, म्हणजे खाली बघता आलं. ती म्हणाली, "तू लिखं व्हई तं बराबरच लिखं व्हई. तू काय खोटं लिखशी? मन्हंच काही इसरनं व्हई."

टोपलीतल्या सगळ्या शेंगा सोलून संपवल्या. निघताना तिने डबा बांधून दिला. वांग्याची भाजी, दोन भाकरी. "खोलीवर तुम्ही दोघं काय खातस ते माले माहीत से. डबा परत लई येजो, बरं."

डब्यातलं धुडकूभाऊने खाल्लं. मला गेलं नाही.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार, सकाळचे नऊ

कँटीनमध्ये बसून लिहितोय. मॅडम चौकशीसाठी मुंबईहून आल्या आहेत. मी त्यांना गाठलं आणि वही पुढे केली. म्हणाल्या, "ही मी वाचणार नाही, असा शब्द दिलाय तुला."

मी म्हटलं, वाचा. चार तारखेचं वाचा. मावशी सातला डबे वाटते ते त्यात आहे, त्याच दिवशी लिहिलेलं आहे, नंतर घुसवलेलं नाही. पानांना नंबर आहेत.

मॅडमचा चेहरा असा उजळला, जसा पेशंटचा रिपोर्ट चांगला आल्यावर नातेवाइकांचा होतो. हात पुढे केला. मग मी म्हटलं, पण चौदा तारखेचंही आहे.

"काय आहे त्यात?"

सांगितलं. बारा आणि तेरा, दोन्ही दिवसांचे फॉर्म जिन्यात बसून भरले. सगळे नंबर. एकटी मावशीच नाही.

हात तिथेच थांबला. मग तो मागे घेत म्हणाल्या, "मग सगळाच अभ्यास गेला, भिकन. दोन दिवस खोटे असतील तर उरलेले खरे हे मी कशावरून सांगू? मला उठून तसं म्हणावं लागेल."

"मग म्हणा."

"एक तारखेला माझं कंपनीतलं वर्ष भरतं. ठेवायचं की नाही ते ठरणार आहे." चष्मा काढला. पुसला नाही, नुसता हातात धरला. "आणि तुझीही नोकरी जाईल, हे कळतंय ना तुला? वही अर्धी दाखवता येत नाही."

कळतंय म्हटलं. पान फाडता येईल का, असं मी काल बघितलं होतं. अकरा नंबर गेला की दहानंतर बारा येतो, आंधळ्यालाही दिसेल.

त्या उठल्या. "मी चहा आणते. वही तुझीच आहे. मी अजून वाचलेली नाही. मी येईपर्यंत ती तुझ्या खिशात गेली, तर मला काहीच माहीत नाही." हे माझ्याकडे न बघता म्हणाल्या.

त्याला आता वीस मिनिटं झाली. काउंटरवर गर्दी नाही, दोनच माणसं होती, ती पण गेली. मॅडम अजून तिथे पाठ करून उभ्या आहेत. चहावाला दोन कप भरून कधीचा मोकळा झालाय. का थांबल्यात कळत नाही. बोलावू का?

साडेदहाला किरीटभाई. गेटवर मावशी आली असेल. तिने आज नवी साडी नेसली असेल, चौकशी म्हणजे तिला कोर्टच वाटतं. वॉचमन तिला आत सोडेल, आज बोलावलंय.

मॅडमनी वही दिली तेव्हा कोरी होती. आता पंचवीस पानं झाली. माझं अक्षर पहिल्या पानावर जास्त चांगलं आहे.

वळल्या. दोन्ही हातांत कप आहेत, त्यामुळे वही घ्यायला हात नाही. मी ती टेबलावर त्यांच्या बाजूला सरकवून ठेवतो. चहा सांडणार नाही अशी.

मावशीचा डबा पिशवीत आहे, सकाळी घासला. अजून रिकामाच आहे. वर जायच्या आधी समोरच्या दुकानातून त्यात शेव भरायची.